मासा पळत का नाही

प्रिय टिटवे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, याबद्दल आधी आभार. मला वाटलं होतं, तू ते तसंच कचऱ्याच्या डब्यात टाकशील. कित्येक महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. बाबांशी बोलतेस, तेही मी कामावर असताना, आणि वर त्यांना बजावतेस की आईला यातलं काही कळता कामा नये. आता तुझ्या बाबांच्या पोटात कधी काही राहिलंय का? माझ्या वाढदिवसाला काय आणलंय ते त्यांनी मला दरवर्षी आदल्या दिवशीच सांगितलेलं आहे. तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. रविवारी भांडी पुसत उभे होते, एकच ताट किती तरी वेळ पुसत राहिले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बाहेर पडायच्या बेतात आहे. मग पडलंच. तू येत्या गुरुवारी त्या नव्या इन्सुलिनच्या चाचणीला जाणार आहेस. पहिला दिवस दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखत. त्यानंतर तीन महिने तेच औषध, रोज प्रत्येक जेवणाआधी, चौथ्या मजल्यावरच्या तुझ्या खोलीत, एकटीनं. आणि तिथल्या नर्सनं फोनवर विचारलं, साखर खाली गेली की तुम्हाला कळतं का, तर तू बेधडक म्हणालीस, हो, कळतं की, हात थरथरतात, घाम येतो. बाबा तेव्हा तुझ्याकडे आले होते, शेजारीच बसले होते. फोन ठेवून तू हसलीस म्हणे. त्यांना हसू आलं नाही, म्हणून तर ते ताट पुसत बसले.

तुला कळत नाही, टिटवे. पूर्वी कळायचं, आता नाही. इतकी वर्षं साखर वरखाली होऊन तुझ्या अंगानं हाका मारणंच सोडून दिलंय. घाम नाही, थरथर नाही, धडधड नाही. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तुझ्या त्या निळ्या शर्टाला माहीत आहे. मागच्या वेळी घरी आली होतीस तेव्हाची गोष्ट. मला वास आला म्हणून मी आत आले, तर तू इस्त्रीपाशी उभी. इस्त्री बाहीवर तशीच ठेवलेली, बाही तपकिरी झालेली, धूर निघतोय, आणि तू त्याकडे शांतपणे बघते आहेस, जसं काही शेजाऱ्यांचा शर्ट जळतोय. मी म्हटलं, इस्त्री उचल. तू म्हणालीस, उचलते ना. आणि उचलली नाहीस. चेहऱ्यावर भाव मात्र अगदी समजूतदार होता. मी इस्त्री ओढून काढली, तुझ्या तोंडात साखरेचं पाणी ओतलं, आणि तू अर्धा पेला प्यायल्यावर मग कुठे तुझ्या दंडावरचं ते साखर मोजणारं यंत्र बोंबलायला लागलं. ते नेहमीच वरातीमागून येतं, आणि ऑफिसात तर तू त्याचा आवाजच बंद करून ठेवतेस.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या साहेबांना फोन केला, हे खरं आहे. तुला न विचारता केला, हेही खरं. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभी राहून त्या काळोख्या पोकळीत दोर तपासणारी मुलगी, आणि तिला स्वतःच्या हातातली इस्त्री उचलावीशी वाटत नाही, हे मला माहीत असताना मी गप्प बसायला हवं होतं का? त्यांनी तुला खाली टेबलावर बसवलं. लिफ्टबद्दल येणाऱ्या तक्रारींची उत्तरं लिहायला लावली. तू म्हणालीस, आई, तू माझं काम नाही, माझे पाय काढून घेतलेस. मला त्या फोनचा पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा करीन. मला फक्त वाईट एवढंच वाटतं की ज्या मुलीला उंचीची भीती म्हणून कधी वाटली नाही, ती आता खुर्चीवर बसून घड्याळाकडे बघते. आणि म्हणूनच तू या चाचणीला निघालीस, हेही मला समजतं. हे औषध पटकन लागू होतं, पटकन उतरतं, मागे रेंगाळत नाही. तीन महिने आकडे सरळ राहिले की कंपनीचे डॉक्टर तुला परत वर सोडतील. तुझा हिशेब चुकलेला नाही. फक्त सुरुवातीचं एक वाक्य खोटं आहे, आणि बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

घाबरू नकोस, मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. अजून.

आता आत्याबाईंबद्दल. तू म्हणशील, झालं सुरू, आता गोगलगायींचं पुराण. लहानपणी तू माझ्या प्रयोगशाळेत टाकीच्या काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत बसायचीस आणि घरी येऊन बाबांना माझी नक्कल करून दाखवायचीस. पण तेव्हा तू सात-आठ वर्षांची होतीस, आणि मी तुला सांगितलं ते गोष्टीसारखं सांगितलं. खरं आता सांगते. समुद्रातल्या या शंखवाल्या गोगलगायींपैकी काही जणी मासे मारून खातात. विचार कर, जिला तळहातभर अंतर चालायला दम लागतो, ती मासे खाते. शेजारच्या टाकीतल्या ज्या लहान आहेत, त्यांचा दात म्हणजे पोकळ भाला. सोंडेच्या टोकाशी एक भाला भरून ठेवलेला, मागे पिशवीत बाकीचे तयार. दिवसभर वाळूत पुरून घेतात, श्वासाची नळी तेवढी बाहेर, तिनं पाण्याचा वास घेत राहतात. मासा जवळ आला की सोंड हळूच पुढे येते, अगदी चाचपडत, आणि मग एकदम भाला. मासा जागच्या जागी ताठ. विजेचा झटका बसल्यासारखी शेपटी थरथरते आणि थांबते. मग भाल्याला धरूनच त्याला आत ओढून घ्यायचं. बघताना अंगावर काटा येतो, पण निदान काहीतरी घडलं हे कळतं. माशालाही कळत असेल.

मोठ्या टाकीतल्या आत्याबाईंचं तसं नाही. त्यांचं नाव आत्याबाई पडलं ते येईल त्याचं तोंड भरून स्वागत करतात म्हणून. तुझ्या सख्ख्या आत्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. या आपलं तोंड पसरतात, पातळ कापडी पिशवीसारखं, आपल्या शंखाहून रुंद, आणि पाण्यात इन्सुलिन सोडतात. हो, तेच. माशांच्या जातीचं इन्सुलिन, माशांसाठीच बनवलेलं. कल्ल्यांमधून ते माशांच्या रक्तात जातं, साखर उतरते, आणि मासे पळत नाहीत. मी हे किती वेळा पाहिलंय त्याला गणती नाही. मासे तडफडत नाहीत, बुडत नाहीत, उलटे होत नाहीत. ते तरंगत राहतात. पंख हळूहळू हलत असतात. समोर तोंड पसरलेलं असतं आणि एखादा त्याच्या काठाला टेकून उभा राहतो, जणू आत जाऊ की नको याचाही त्याला कंटाळा आला आहे. मग पिशवी मिटते. आत गेल्यावर त्या एकेकाला भाला मारतात, आणि काही तासांनी हाडं, खवले आणि वापरलेले दात बाहेर थुंकून टाकतात.

आमच्याकडे एक रीत आहे. माशाची साखर उतरली की नाही हे बघायला आम्ही काचेवर नखानं टिचकी मारतो. ठीक असलेला मासा दचकतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या कोपऱ्यात असतो. उतरलेला हलत नाही. मग आम्ही म्हणतो, मासा बसला. आणि दुसरी रीत अशी की आत्याबाईंची टाकी एकट्यानं कधीच उघडायची नाही. एकानं लांब चिमट्यानं काम करायचं, दुसऱ्यानं हात मागे बांधून फक्त सोंडेकडे बघायचं. त्यांचा भाला माणसाला लागला तर त्यावर उतारा नाही. श्वास बंद पडतो, आणि विष ओसरेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी श्वास चालू ठेवायचा, एवढाच इलाज. बघणाऱ्यानं गप्पा मारायच्या नाहीत, मदतीला हातही पुढे करायचा नाही. काम करणाऱ्याचं लक्ष चिमट्यावर असतं, त्याला स्वतःचं मनगट कुठे आलंय ते दिसत नाही. या नियमावरून आमच्याकडे भांडणं झाली आहेत, लोक सोडून गेले आहेत, पण मी तो कधी मोडू दिलेला नाही.

तर तू गुरुवारी जे टोचून घेणार आहेस, त्याचं माहेर आमच्या टाकीत आहे. आपलं इन्सुलिन कुपीत असताना सहा-सहाच्या जुडीनं चिकटून असतं. टोचल्यावर जुडी सुटायला वेळ लागतो, म्हणून तुला जेवणाआधी ताटकळत बसावं लागतं आणि नंतर ते नको तेव्हा काम करत राहतं. आत्याबाईंना ताटकळायला वेळ कुठला, त्यांचा मासा निघून जाईल. म्हणून त्यांचं इन्सुलिन पहिल्यापासून सुटं. त्याची घडण बघून माणसाचं इन्सुलिन सुटं कसं करायचं हे लोकांनी शोधलं. मी त्यातली फार छोटी वाटेकरीण आहे, पण आहे. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी घरी येऊन तुला उचलायला गेले होते, आणि तू म्हणालीस, आई, मी आता एकवीस वर्षांची आहे, पाठ मोडेल तुझी. आठवतं? त्या दिवशी मी खूश होते. आता त्याच औषधाचा विचार आला की मला झोप लागत नाही, कारण ते कुणासाठी बनलं हे मी माझ्या डोळ्यांनी रोज बघते. ते अशा प्रकारे बनलेलं आहे की ज्याची साखर उतरते आहे त्याला पळावंसं वाटू नये.

आता जे सांगते ते बाबांनासुद्धा माहीत नाही. मागच्या महिन्यात मी त्यांना प्रशिक्षणाला जाते असं सांगून दोन दिवस बाहेर होते. ते प्रशिक्षण नव्हतं. त्या चाचणीत तुलनेसाठी मधुमेह नसलेली माणसंही लागतात, आणि मी वयाच्या अटीत जेमतेम बसत होते. तू त्यात नाव घातलंयस हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. माझा विचार साधा होता. आज ना उद्या हे औषध तुझ्या हातात येणार, तर आधी माझ्या अंगात जाऊ दे. लहानपणी तुझी प्रत्येक गोळी मी आधी जिभेला लावून बघायचे, त्यातलाच प्रकार. त्यांनी विचारलं, घरात कुणाला मधुमेह आहे का, मी म्हटलं, मुलीला. ती मुलगी म्हणजे तू, हे तिथे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही; लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, याचा उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

गुरुवारी तुला ज्या खोलीत नेतील तीच ती खोली असणार. डाव्या हाताला काच आहे, तिच्यामागे डॉक्टर बसतात. त्यांना तुझा आकडा दिसतो, तुला दिसत नाही. मागे रेलायची खुर्ची, दोन्ही हातांत सुया, आणि उजव्या मुठीत एक बटण देतात, दारावरच्या घंटेचं असतं तसं. काहीही वेगळं वाटलं की लगेच दाबायचं. औषध इतकं जलद असेल तर माणसाला उतार कधी जाणवतो, हेच त्यांना शोधायचं आहे. मी मनात हसले, खरं सांगते. मला वाटलं, हे कुणाला शिकवताहेत? आयुष्यभर मी साखर उतरलेले मासे ओळखत आले. शिवाय मी घरूनच एक युक्ती ठरवून आले होते. मोकळ्या बोटानं खुर्चीच्या हातावर मधूनमधून टिचकी मारायची. दचकले तर ठीक, नाही दचकले तर बटण दाबायचं.

औषध दिलं. मी घड्याळाकडे बघत होते. काही वाटलं नाही. टिचकी मारली, ठीक. नर्सच्या चपलांचा आवाज येत होता, तो मला आवडला. पुन्हा टिचकी मारली. ती छान वाजली. पाठीला काहीतरी ओलं लागलं तेव्हा वाटलं, कुणी पाणी सांडलं असेल, पुसतील. घड्याळ समोर होतं पण त्याचा माझ्याशी काही संबंध उरला नव्हता. मी टिचक्या मारत राहिले, आणि नर्स नंतर म्हणाली की तिला वाटलं, बाई गाण्याचा ताल धरताहेत. मुठीत बटण आहे हे मला माहीत होतं. ते कशासाठी आहे हेही माहीत होतं. साखर उतरली की दाबायचं, आणि साखर उतरली आहे, हेसुद्धा कुठेतरी माहीत होतं. पण दाबायचं कशाला? सगळं बरं चाललं होतं. भीती वाटली नाही, हे तुला कसं सांगू? भीतीची जागाच रिकामी होती. माझे हात थरथरत होते, पाठ घामानं निथळत होती, माझं अंग जिवाच्या आकांतानं सांगत होतं, आणि मी आपली निवांत टिचक्या मारत होते. काचेमागून डॉक्टर धावत आले आणि त्यांनी नळीतून साखर सोडली. भानावर आले तेव्हा मी रडत होते. ते म्हणाले, अहो, तुम्ही तर यातल्या जाणकार, बटण का नाही दाबलंत? मी म्हटलं, दाबावंसं वाटलं नाही.

हे शब्द तोंडातून निघाले आणि मला आपलं न्हाणीघर दिसलं. तू अकरा वर्षांची होतीस. दाराखालून पाणी वाहत बाहेर आलं म्हणून मी दार ढकललं, तर तू स्टुलावर बसलेली, नळ सोडलेला, हातात मग, आणि डोळे उघडे. साखर चढल्यावर मी तुला खडसावून विचारलं, कळत होतं तर हाक का नाही मारलीस? तू म्हणालीस, मारावीशी वाटली नाही. मी त्याला हट्ट म्हटलं. पुढे किती तरी वर्षं मी त्याला हट्टच म्हणत आले, निष्काळजीपणा म्हणत आले, बापावर गेलीस म्हणत आले. तू दरवेळी तेच उत्तर द्यायचीस आणि दरवेळी माझा पारा चढायचा. तू मला अगदी नेमकं, जसंच्या तसं सांगत होतीस. टाकीतले मासे मला कळायचे, तू सांगितलेलं कळत नव्हतं. ते कळायला मला त्या खुर्चीत बसावं लागलं.

आणि म्हणून तुझं ते फोनवरचं वाक्य ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. माझ्या अंगानं जेवढं करायचं तेवढं सगळं केलं, घाम आणला, थरथर आणली, तरी मी बटण दाबलं नाही. तुझं अंग तर आता घामसुद्धा आणत नाही. गुरुवारी काचेमागे डॉक्टर आहेत, गुरुवारची मला भीती नाही. मला भीती आहे ती त्यानंतरच्या कुठल्या तरी साध्या दिवसाची. तू जेवणाआधी टोचून घेशील, तेवढ्यात ऑफिसातून फोन येईल, बोलता बोलता जेवण राहील. तू फोन ठेवशील. ताट समोर असेल. तुला माहीत असेल की जेवायचं आहे. आणि तू शांतपणे त्या ताटाकडे बघत बसशील. दंडावरचं यंत्र ओरडेल तेव्हा ते तुला ऐकूही येईल, आणि तुला वाटेल, ओरडतंय वाटतं. दाराला कडी असेल.

आज मंगळवार. मला आज पुन्हा तपासणीसाठी बोलावलं होतं. तेच डॉक्टर समोर होते, तुझंही तेच बघणार आहेत. भला माणूस आहे, बोलताना पेनचं टोपण चावतो. तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य, आणि माझा जीव भांड्यात पडला असता. मी ते वाक्य गिळलं. मी नुसतं विचारलं, ज्यांना साखर उतरलेली कळतच नाही, अशांचं तुमच्याकडे काय करता? ते म्हणाले, सुरुवातीला त्यांना घेत नव्हतो, पण आता त्यांचा वेगळा गट करतो आहोत, खरं तर याच लोकांची आम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे. त्यांना औषध कमी मात्रेत देतात, तीन महिने सोबत कुणीतरी राहावं लागतं, आणि बटण त्या सोबतच्या माणसाच्या हातात असतं. म्हणाले, माणसं पुढेच येत नाहीत हो, आपल्याला कळत नाही हे कबूल करायची लाज वाटते त्यांना. मी म्हटलं, लाज नसेल, काम जाईल ही भीती असेल. ते म्हणाले, असेल. मी उठून बाहेर आले. तेव्हा ऐक, तुला खोटं बोलायची गरजच नाहीये. जागा आहे. सोबत मीच असायला पाहिजे असंही नाही. तुझ्या ऑफिसातली ती मोठ्यानं हसणारी मैत्रीण चालेल, बाबा चालतील, ते तर उड्या मारत येतील आणि तीन महिने तुझं डोकं खातील. मला बोलावलंस तर मी येईन, कोपऱ्यात बसेन, हात मागे बांधून.

पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. पोस्टाचा भरवसा नव्हता, म्हणून तुझ्याच रस्त्याच्या टोकाला एका कॅन्टीनमध्ये बसून हे लिहिते आहे, आणि जाताना खालच्या पेटीत टाकून जाईन. वर येणार नाही. वर आले तर बोलेन, बोलले की आपलं भांडण होईल, आणि भांडणात तू नेमकं उलटं करतेस, अगदी माझ्यासारखं. हे पत्र एका गोष्टीसाठी लिहिलं आहे. गुरुवारी डॉक्टरांना खरं सांग, तुझ्या तोंडानं. तुझ्या शाळेत मी सांगितलं, मैत्रिणींच्या आयांना मी सांगितलं, साहेबांना मी सांगितलं. या वेळी तू सांगावंस म्हणून मी आज तोंड मिटून परत आले, आणि हे मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. गुरुवारी सकाळी मी त्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेली असेन. माझ्याकडे बघू नकोस, ओलांडून जा, चालेल. बाहेर येशील तेव्हा नुसती मान हलव. सांगितलं म्हणालीस तर मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवीन आणि पुढच्या बसनं घरी जाईन. पण मान हलली नाही, तर मी उठेन, आत जाईन आणि सांगेन. मग खोटं बोललीस म्हणून ते तुला दोन्ही गटांतून काढतील, तुझे ते उंचावरचे दिवस कायमचे संपतील, आणि तू माझ्याशी जन्मात बोलणार नाहीस. हे सगळं मला दिसतंय, मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. न बोलणारी मुलगी मला चालेल, टिटवे, तिची सवय मी करतेच आहे. फक्त ती कुठेतरी असायला हवी.

तुला नको असले तरी तुझीच,
आई